दोन पिझो, एक घोळ

प्रोजेक्टचा मोसम आला की इंजिनिअरिंगची मुलं बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी येतात आणि कुणाच्या ना कुणाच्या पिशवीतून दाब मोजायला आणलेली पितळेची चकती निघतेच. "काका, बुटात बसवली. पाऊल टाकलं की आकडा येतो, नुसतं उभं राहिलं की शून्य!" शून्यच येणार. हवा होता पिझोरेझिस्टिव्ह सेन्सर (दाबाने रोध बदलणारा), आणलात पिझोइलेक्ट्रिक (दाबाने वीज उमटणारा). दुकानदार दोन्हींना 'पिझो' म्हणतो, तिथेच घात होतो.

पिझोरेझिस्टिव्ह तुम्ही हाताळलेला असतो: वेलोस्टॅटचा, म्हणजे कार्बन मिसळलेल्या प्लॅस्टिकचा काळा कागद, किंवा एफएसआर ही दाब ओळखणारी पट्टी. दाबला की रोध उतरतो, सोबत एक रेझिस्टर लावून व्होल्टेज वाचायचं. झालं.

ठेच लागते ती दुसऱ्यापाशी, पिझोइलेक्ट्रिकपाशी. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवलेला आणि १९६९ मध्ये कावाईंना पीव्हीडीएफ या लवचीक प्लॅस्टिकमध्ये सापडलेला हा गुण दाबातल्या बदलाला दाद देतो. दाबलं की विद्युतभार उमटतो, पण दाब तसाच ठेवला तरी तो भार तुमच्याच सर्किटमधून निसटतो. २० नॅनोफॅरड धारितेच्या चकतीला १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडलात, तर ०.१ सेकंदात जवळजवळ सगळं संपलं. पाय उचलला की उलटा झटका. चार्ज अॅम्प्लिफायर (विद्युतभाराचं व्होल्टेज करून देणारं सर्किट) लावून ही गळती लांबवता येते, बंद करता येत नाही.

सूरसागरकाठच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकलेल्याला मी एवढंच सांगतो: डग्ग्याखाली पीव्हीडीएफ लावलीस तर थाप मिळेल. पण घुमारा काढताना मनगट पुडीवर टेकवून ठेवतोस ना, तो टेकलेला दाब तिला कळणारच नाही.

म्हणून ठोक्यागणिक दाब बदलणारी मनगटावरची नाडी मोजायला पीव्हीडीएफ उत्तम. फक्त ती उष्णतेलाही सिग्नल देते, त्यामुळे गरम बोट लागताच नाडी 'सापडल्याचा' आनंद करू नका. व्हीलचेअरच्या गादीत, जिथे तासन्‌तास एकाच जागी पडणारा दाब जखम करतो, तिथे वेलोस्टॅटच. त्याचा आकडा हळूहळू सरकतो, वजन काढल्यावरही लगेच मूळपदावर येत नाही; त्यावरून किलोग्रॅम छापणाऱ्यांचा मला राग येतो. पण माणूस बसलाय की उठलाय आणि कुठल्या बाजूला कललाय, हे तो नक्की सांगतो. चकती दाराच्या घंटीला लावा.