व्हॉल्व्ह किती तापतोय, हे मीटरला विचारा

घरी गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, बांधायचा म्हटलं की पुष्कळजण फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या ‘चॅम्प’च्या ५एफ१ सर्किटपासून सुरुवात करतात. स्पीकर हलवणारा आउटपुट व्हॉल्व्ह त्यात एकच, ६व्ही६. सोल्डरिंग संपतं, तार छेडली की आवाज येतो आणि जीव भांड्यात पडतो. पण आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह सुखात आहे असं नाही. त्यासाठी बायस तपासावा लागतो.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि शेकडो व्होल्टच्या प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिड नावाची तारांची जाळी असते. ती कॅथोडपेक्षा जितकी ऋण, तितके इलेक्ट्रॉन अडतात. गिटार गप्प असताना हा नळ किती उघडा राहणार, हे ठरवणारं ऋण व्होल्टेज म्हणजे बायस.

गंमत अशी की चॅम्पमध्ये ऋण व्होल्टेज देणारा वेगळा पुरवठाच नाही. कॅथोड आणि अर्थ यांच्यामध्ये ४७० ओहमचा एक रेझिस्टर आहे. व्हॉल्व्हचा प्रवाह त्यातून जातो आणि कॅथोड सुमारे १९ व्होल्ट वर उचलला जातो. ग्रिड मात्र अर्थपाशी, शून्यावरच. म्हणजे कॅथोडच्या नजरेतून ग्रिड उणे १९! प्रवाह वाढू लागला की कॅथोड आणखी वर जातो, ग्रिड आणखी ऋण ठरते आणि प्रवाह आवरला जातो. एका साध्या रेझिस्टरने स्वतःचा तोल सांभाळणारी ही रचना मला व्हॉल्व्हच्या काळातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

मोजण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. या पेटीत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून ठेवू शकतात. आत हात घालायचा असेल, तर ते रेझिस्टरमधून रिकामे करा आणि शून्य झाल्याचं मीटरवर बघा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना मीटरची काळी पिन क्लिपने चासीला, म्हणजे अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला, लावा, दुसरा हात खिशात ठेवा. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नका. हे जमणार नसेल, तर जाणकाराला शेजारी बसवा.

आता हिशेब. अ‍ॅम्प बंद असताना त्या रेझिस्टरचं खरं मूल्य मोजून ठेवा. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. चालू करून दहा मिनिटं तापू द्या. कॅथोडवर १९ व्होल्ट आले, तर १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलिअ‍ॅम्पिअर. यातले साधारण तीन स्क्रीन ग्रिडकडे, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीकडे, जातात, प्लेटला उरले ३७. प्लेटवर ३४० व्होल्ट असतील, तर त्यातून कॅथोडचे १९ वजा करा, ३२१ राहिले. ३२१ गुणिले ०.०३७ म्हणजे जवळजवळ १२ वॅट.

जुन्या माहितीपत्रकांत ६व्ही६ची प्लेट-मर्यादा, म्हणजे प्लेट सोसू शकेल ती उष्णता, १२ वॅट आहे, मोजणीच्या नंतरच्या पद्धतीने १४. म्हणजे आपण काठावर आहोत, पण चालेल. दोन आउटपुट व्हॉल्व्हच्या, फिक्स्ड बायसच्या (ऋण व्होल्टेजचा वेगळा पुरवठा असलेल्या) अ‍ॅम्पला मर्यादेच्या ७० टक्क्यांवरच थांबण्याचा दंडक लावतात. तो इथे लागू नाही. चॅम्पमधला एकटा व्हॉल्व्ह गिटार गप्प असतानाच सर्वांत जास्त तापतो. वाजवू लागलं की त्यातली थोडी शक्ती स्पीकरकडे जाते.

आपल्याकडे खरी अडचण वीजपुरवठ्याची. २३० व्होल्टची लाइन रात्री २४५ वर गेली की प्लेटचं व्होल्टेज वाढतं आणि सोबत प्रवाहही. व्होल्टेजमधली साडेसहा टक्क्यांची वाढ वॅटमध्ये जवळपास तेरा टक्के होते. म्हणून मोजताना भिंतीतलं व्होल्टेजही लिहून ठेवा. वॅट १४ च्या पुढे जात असतील, तर ४७० च्या जागी ५६० ओहम लावा.

शेवटी ग्रिडवर मीटरची लाल पिन लावा. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. एक-दोन व्होल्ट धन दिसले, तर अ‍ॅम्प बंद करा, व्हॉल्व्ह गार झाल्यावर काढा आणि पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला, तर आधीच्या टप्प्यातला कपलिंग कपॅसिटर (गिटारचा सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय. नाहीसा झाला, तर दोष त्या व्हॉल्व्हमध्येच आहे.