सामूहिक दावे आणि ‘समान हितसंबंध’ : पार्श्वभूमी

अनेकांच्या वतीने मोजक्यांनी दावा लावण्याची पद्धत इंग्लंडच्या चॅन्सरी (न्यायबुद्धीच्या तत्त्वांवर चालणाऱ्या) न्यायालयांतून आली आणि 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 1, नियम 8 म्हणून स्थिरावली. अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रिया नियमांतील 1938च्या नियम 23चे मूळही तेच. परंतु 1966च्या दुरुस्तीनंतर तेथे भरपाईच्या दाव्यांत जो स्वतःहून बाहेर पडत नाही, तो गटातच धरला जाऊ लागला, आणि वकिलाचे शुल्क वसुलीतून निघत असल्याने लहान रकमांचे दावेही लढण्याजोगे झाले. भारतात वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा घेण्यास मनाई असल्याने खर्चाचा भार पुढे होणाऱ्यावरच पडतो.

आपल्याकडचा खरा पेच मात्र ‘समान हितसंबंध’ या शब्दांचा आहे : ज्यांच्या वतीने दावा लावायचा, त्या सर्वांचे हितसंबंध समान असावेत, अशी नियम 8ची अट आहे. प्रत्येकाचे दाव्याचे कारण एकच असण्याची गरज नाही, असे स्पष्टीकरण 1976च्या दुरुस्तीने संहितेतच घातले. त्याच्या आधारे 1990 साली चेन्नईच्या एका गृहनिर्माण योजनेतील रहिवाशांचा दावा, प्रत्येकाला जादा रकमेची स्वतंत्र नोटीस आलेली असूनही, प्रातिनिधिक, म्हणजे सर्वांच्या वतीने लावलेला, म्हणून ग्राह्य ठरला. ही भूमिका व्यवहाराला धरून होती. ग्राहक कायद्याने हेच शब्द उचलले, आणि सदनिकांचा ताबा रखडल्याच्या तक्रारी वाढल्या तशी त्यांची कसोटी कडक होत गेली. बंगळुरूच्या एका मोठ्या प्रकल्पातील 91 खरेदीदारांना 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तुम्ही एकत्र तक्रार करू शकता, पण ती तुमच्यापुरतीच. कारण उरलेल्या शेकडो सदनिकाधारकांचे हितसंबंध समान असल्याचे तक्रारीतच दाखवलेले नाही. टप्पे आणि ताब्याच्या तारखा वेगवेगळ्या असतात हे खरे, पण हा फरक भरपाई ठरवताना विचारात घेता आला असता. तो दारातच आडवा आला, हे खटकते.

गुंतवणूकदारांची वाट आणखी उशिरा उघडली. हैदराबादच्या एका संगणक कंपनीतील 2009च्या घोटाळ्यानंतर अमेरिकेतील गुंतवणूकदारांना 12.5 कोटी डॉलरची तडजोड मिळाली, तर तोच फटका सोसलेल्या येथील लहान भागधारकांपुढे तसा मार्गच नव्हता. त्यानंतर 2013च्या कंपनी कायद्यात सभासदांना, म्हणजे भागधारकांना, सामूहिक दावा लावू देणारे कलम 245 आले. ते 2016मध्ये लागू झाले आणि किमान 100 सभासद किंवा 5 टक्के सभासद, यांपैकी कमी असेल ती संख्या, ही अट 2019 साली ठरली. हे कलम ठेवीदारांचाही स्पष्ट उल्लेख करते, पण बँकिंग कंपन्या त्यातून वगळलेल्या आहेत.