‘बावीस’ नंबरचा ट्रेलर बावीस फुटांचा नसतो

आम्ही राहायची सोय असलेले ट्रेलर भाड्याने देतो आणि विकतो. योसेमिटी नॅशनल पार्कमधली साइट, म्हणजे ट्रेलर लावायची आखून दिलेली जागा, मिळाली की आम्हाला फोन येतो: “बावीसचा ट्रेलर आहे ना? साइट चोवीस फुटांची आहे, म्हणजे दोन फूट उरतील.” उरत नाहीत. मॉडेलच्या नावातला २२ हा आकडा बहुतेक वेळा आतल्या खोलीच्या लांबीच्या आसपासचा असतो. पुढचा त्रिकोणी दांडा, त्यावरचे गॅस सिलिंडर, मागचा बंपर आणि स्टेपनी धरली की तोच ट्रेलर २५-२६ फुटांवर जातो, आणि पार्कमध्ये धरली जाते ती ही पूर्ण लांबी.

योसेमिटीच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला २४ फुटांची मर्यादा आहे, लोअर आणि नॉर्थ पाइन्समध्ये ३५. ग्रँड कॅन्यनच्या माथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फूट. शिवाय त्याच कॅम्पग्राउंडमधली एखादी साइट याहून आखूड असते, म्हणून बुकिंगच्या पानावर त्या साइटची स्वतःची लांबी बघा.

मोजताना टेपचं टोक कपलरच्या नाकाशी धरा, म्हणजे गाडीमागच्या हिच बॉलवर (ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर) बसणाऱ्या भागाच्या अगदी पुढे. तिथून मागे जे सर्वांत बाहेर आलंय तिथपर्यंत टेप न्या, मग ती शिडी असो की स्टेपनी. सायकलचा रॅक नंतर लावलात तर पुन्हा मोजा. तो सहज दोन फूट खातो. स्लाइड-आउट, म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, असेल तर त्या बाजूला साधारण ३ फूट मोकळी जागा हवी. पाइन्समधल्या साइटवर नेमकं तिथेच झाड उभं असतं.

साइट नंबर कळल्याशिवाय आम्ही ट्रेलर देत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. पण योसेमिटी व्हॅलीतल्या साइट पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी ७ वाजता खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या काही मिनिटांत संपतात. ट्रेलर बसला नाही तर ऐन वेळी दुसरी साइट कुठून आणणार?

ओढणाऱ्या गाडीचंही विचारतो. टोयोटा सिएना, होंडा ऑडिसी यांसारख्या मिनीव्हॅन जास्तीत जास्त ३,५०० पौंड ओढतात, आणि बाथरूमवाला बावीसचा ट्रेलर सहसा रिकामाच त्याहून जड असतो. त्यात ३० गॅलन पाणी भरलं की २५० पौंड वाढतात. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो आणि तो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी पेलू शकते त्या वजनातून, वजा होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा, हिशेब आम्ही करून देतो.

एक स्वयंपाकघरातली गोष्ट. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेचं हूकअप, म्हणजे साइटवर ट्रेलरला वीज जोडायची सोय, नाही. ७५० वॉटचा मिक्सर ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालत नाही आणि जनरेटर ठरलेल्या वेळेतच लावता येतो. वाटण घरूनच करून, गोठवून न्या. शेगडी आणि कुकर गॅसवर व्यवस्थित चालतात.

आमच्याकडचे कुटुंबासाठीचे ट्रेलर टोकापासून टोकापर्यंत २१ ते २३½ फूट आहेत. मुलांसाठी बंक बेड आहेत, स्लाइड-आउट मुद्दाम ठेवलेलं नाही. नेताना तुमच्यासमोर टेप लावतो आणि ती लांबी पावतीवर लिहून देतो. विकत घ्यायचा विचार असेल तर आधी तीन रात्री भाड्याने नेऊन बघा. नंतर आमच्याकडून घेतलात तर ते भाडं किमतीतून वजा करतो.