जुना इम्पेलर पाण्यात टाकू नका, आमच्याकडे घेऊन या

नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या, की आमच्या वर्कशॉपमध्ये एकच वाक्य ऐकू येतं. ‘इम्पेलर कालच नवा टाकला, तरी इंजिन गरम होतंय.’ (इम्पेलर म्हणजे इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं चाक.) आम्ही विचारतो, जुना कुठंय? उत्तर ठरलेलं: ‘टाकला पाण्यात.’ मग जे काम दुपारपर्यंत आटोपलं असतं त्यात अख्खा दिवस जातो, बर्फ भरलेली बोट धक्क्याला उभी राहते आणि बिल पाहून नाखवा आमच्यावर चिडतात. म्हणून हे पत्रक.

समुद्राचं पाणी ओढून कूलरमधून, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या नळ्यांच्या डब्यातून, फिरवणाऱ्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेल इंजिनांसाठी हे लिहिलंय. बोटीच्या तळाला पाईप बसवून पाणी थंड करणाऱ्यांना पंपाचा भाग लागू नाही. त्यांनी फक्त पाईपवर चिकटलेलं कवच खरवडून काढावं आणि त्यावर रंगाचे थर चढवू नयेत. रंगाखालून उष्णता नीट बाहेर जात नाही.

इम्पेलरच्या पात्या रबरी असतात. त्याला तेल-ग्रीस काही लागत नाही, त्यातून जाणारं पाणीच त्याचं वंगण. पाणी नसेल तर पात्या पंपाच्या पितळी भिंतीवर कोरड्या घासतात आणि मिनिटाभरात फाटायला लागतात. मुंबईत हे दोन वेळा होतं. एक म्हणजे खाडीतून जाताना प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या तळाच्या तोंडाला चिकटते तेव्हा. दुसरी वेळ जुलैअखेरची. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोट वर ओढून शाकारलेली, आणि पाण्यात उतरवायच्या आधी कुणीतरी म्हणतं, ‘जरा चालू करून बघू.’ दोन महिने एकाच जागी दबून वाकलेल्या पात्या, त्यात पाण्याचा थेंब नाही. इंजिन छान सुरू होतं, सगळे खूश होतात, आणि इम्पेलर तिथंच संपतो.

आता मुद्द्याचं. तुटलेली पाती सहसा पंपात राहत नाही. ती पाण्याबरोबर पुढे जाते आणि पहिल्या अरुंद जागी अडकते. बऱ्याच इंजिनांत ती जागा गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, नाहीतर मोठ्या कूलरच्या बारीक नळ्यांची तोंडं. तुम्ही नवा इम्पेलर टाकता, एक्झॉस्टमधून पाणी पडताना दिसतं, धक्क्यावर तापमानाचा काटा जागेवर असतो. इंजिनाच्या कमी फेऱ्यांना अर्ध्या नळ्यांतून जाणारं पाणीही पुरतं. प्राँग्सचा दिवा (कुलाब्याजवळचं दीपगृह) मागे टाकून इंजिन वाढवलं, की पुरत नाही. म्हणून ही खूण लक्षात ठेवा: चालू केल्यावर थोड्याच वेळात गरम झालं तर पाणी पोचतच नाही, धक्क्यावर ठीक आणि लोडवर गरम झालं तर वाटेत काहीतरी अडकलंय, किंवा कूलर आतून क्षारानं भरलाय. लोडवर गरम होऊन काळा धूरही येत असेल तर आधी बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं गुंतलंय का ते बघा. तो दोष कूलरचा नाही.

जुना इम्पेलर समोर असला की आम्ही तो टेबलावर ठेवतो आणि काय-काय गायब आहे ते बघतो. मग कूलरची टोपी उघडून तुकडे काढायचे आणि जुळवत जायचं. इम्पेलर पूर्ण झाला की काम संपलं. जुना नसेल तर दोन तुकडे निघाल्यावर तिसरा आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून पंपापासून एक्झॉस्टच्या एल्बोपर्यंत सगळी लाईन उघडावी लागते. ‘फक्त इम्पेलर बदला म्हटलं होतं, कूलर का उघडला?’ असं आम्हाला ऐकावं लागतं. पाती तुटलेली असेल तर कूलर न उघडता आम्ही बोट परत देत नाही. तीच बोट दोन दिवसांनी दोरीनं ओढून आणावी लागण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

समुद्रात काटा चढला तर इंजिन कमी करून न्यूट्रलला घ्या आणि एक्झॉस्टकडे बघा. पाणी पडत असेल तर थोडा वेळ तसंच चालू राहू द्या. नुसती वाफ असेल तर बंद करा, नांगर टाका. आधी सी-कॉक (तळातून पाणी आत घेणारा कॉक) बंद करायचा, मगच स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) उघडायचा. पुष्कळदा पिशवी किंवा गाळ तिथंच सापडतो. कूलंटची टाकी गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणि त्या टाकीत खारं पाणी भरू नका. नाइलाजानं भरलंच असेल तर आल्या-आल्या सांगा, आम्ही ओरडणार नाही. ते लगेच धुवून काढावं लागतं.

थर्मोस्टॅट (इंजिनाच्या तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) काढून द्या, असं बरेच तांडेल सांगतात. आम्ही काढून देत नाही. इंजिन गार राहिलं तर डिझेल नीट जळत नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी कूलरला वळसा घालून परत आतच फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. संडास धुवायचं ॲसिड कूलरमध्ये घालणाऱ्यांनाही हात जोडून विनंती आहे. क्षार निघतो, त्याबरोबर नळीही पातळ होते.

कूलरमधली जस्ताची काडी (कूलरऐवजी स्वतः झिजणारी) अर्धी झिजली की बदला. तिचे तुटलेले तुकडेही नळ्यांत अडकतात.

बोट वर ओढली की इम्पेलर काढून ठेवणं सगळ्यात उत्तम. ते काम आम्ही जूनमध्ये बोटीवर येऊन करतो, कूलर त्याच वेळी उघडून साफ होतो. बसवताना ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन चालतं. इम्पेलर, गॅस्केट आणि ओ-रिंग असा संच आमच्याकडे तयार असतो. एक संच बोटीवर ठेवा, म्हणजे बाहेर वेळ आली तर खलाशीही बदलू शकेल. फाटलेला तेवढा डब्यात टाकून आणा, तुकड्यांसकट.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, त्याआधी या. येताना पंपावरच्या नंबरचा फोटो काढून आणा. इंजिनाचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच इंजिनावर वेगवेगळे पंप बसवलेले असतात.