सिनेटचा पदवीधर मतदार: नाशिककरांनी नाव कसं नोंदवायचं, कागद कोणते लागतात

नाशिकमध्ये ‘पदवीधरची निवडणूक’ म्हटलं की लोकांना विधान परिषद आठवते. पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ, नमुना 18 चा अर्ज, 30 जानेवारी 2023 चं मतदान. ती निवडणूक आयोगाची. इथे सांगायचंय ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अधिसभेबद्दल, म्हणजे सिनेटबद्दल. तिथे विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आपले दहा प्रतिनिधी निवडून पाठवतात. तिची यादी वेगळी, अर्ज वेगळा, आणि निवडणूक घेतात कुलसचिव. विधान परिषदेच्या यादीत नाव असलं तरी इथे त्याचा काही उपयोग नाही. दरवेळी बरेच जण याच गैरसमजात राहतात आणि मतदानाच्या आठवड्यात चौकशीला लागतात. तोवर यादी बंद झालेली असते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे अधिसभा ही विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाची आणि आर्थिक तरतुदींची प्रमुख सभा आहे. वर्षातून किमान दोन बैठका होतात. प्रत्यक्ष कारभार मात्र व्यवस्थापन परिषद पाहते आणि तिथे पदवीधर थेट मत देऊन कुणाला पाठवू शकत नाहीत. निवडून आलेल्या दहा पदवीधरांपैकी दोघांना अधिसभा तिथे निवडून देते. तुमचं मत कारभाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचतं ते असं दोन पायऱ्यांनी. म्हणून पॅनेलवाले दहाच्या दहा जागांसाठी एवढी धावपळ करतात. दहापैकी पाच जागा खुल्या, उरलेल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक.

मतदार कोण होऊ शकतो? या विद्यापीठाची पदवी असलेला. एचपीटी, बीवायके, केटीएचएम या नाशिकच्या कॉलेजांतले पदवीधर यात येतात. कॉलेज स्वायत्त झालं असलं तरी पदवी विद्यापीठच देतं, तेव्हा ती शंका नको. मालेगाव धुळ्याला जवळ असलं तरी नाशिक जिल्ह्यात आहे, म्हणून तिथली कॉलेजंही पुण्याकडेच. घोळ होतो तो शहरातल्या बाकीच्या विद्यापीठांमुळे. मुक्त विद्यापीठाची किंवा आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी इथे चालत नाही. त्यांचे कायदेच निराळे आहेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 चं, त्यामुळे त्याआधी नाशिकमधून पास झालेल्या डॉक्टरांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचंच नाव असतं. त्यांनी कपाटातलं प्रमाणपत्र एकदा काढून पाहावं. तसंच खानदेशातून येऊन नाशिकला स्थायिक झालेल्यांचं. जळगावचं विद्यापीठ 1990 मध्ये निघालं, त्याआधीची पदवी पुण्याची. मात्र एका वेळी दोन विद्यापीठांत नोंदणीकृत पदवीधर, म्हणजे या यादीतला मतदार, राहता येत नाही. जळगावला नाव घातलं असेल तर इथे नाही. न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती, दिवाळखोर, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली किंवा लबाडीने पदवी मिळवलेली व्यक्ती यांचं नाव यादीत येत नाही.

आता कागद. सगळ्यात महत्त्वाचं पदवी प्रमाणपत्र, आणि नेमकं तेच अनेकांकडे नसतं. शेवटच्या वर्षाची मार्कशीट हातात आली की आपण पदवीधर झालो असं वाटतं. पण प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करून शुल्क भरावं लागतं, आणि नोकरीत कुणी मागितलं नाही तर तो अर्ज राहूनच जातो. नोंदणी सुरू झाल्यावर या कामाला लागलात तर वेळ पुरणार नाही, आत्ताच अर्ज टाका. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही यांच्या स्पष्ट स्कॅन प्रती तयार ठेवा. पत्ता चालू असलेलाच द्या, कारण मतदान केंद्र त्यावरून ठरतं. सिडकोतलं घर सोडून गंगापूर रोडला आलात आणि आधारवर जुनाच पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडचण जरा जास्त. प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडा. दोन्हींपैकी काहीच नसेल तर महापालिकेतून दाखला काढायला आधी लागा.

नोंदणी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून होते. कॉलेजच्या गेटवर किंवा सोसायटीत कुणीतरी कार्यकर्ता ‘द्या, मी भरतो फॉर्म’ म्हणून येतो. भरून द्यायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच टाकायला लावा. गठ्ठ्याने भरलेल्या अर्जांत नंबर दुसऱ्याचा गेला, की अर्जातली त्रुटी कळवणारा निरोपही त्याच्याकडेच जातो. अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती जपून ठेवा.

यानंतर कच्ची यादी लागते, तिच्यावर हरकतीला ठरावीक मुदत असते आणि मग अंतिम यादी. मागच्या निवडणुकीत नाव होतं म्हणून निर्धास्त राहू नका, कच्ची यादी उघडून नाव, गट आणि केंद्र तपासा. मागचं मतदान 20 नोव्हेंबर 2022 ला झालं. अधिसभेची मुदत पाच वर्षांची, तेव्हा 2027 जवळ आलं की विद्यापीठाच्या सूचनांवर लक्ष असू द्या.

मतदान पसंतीक्रमाचं असतं. बरोबरची खूण किंवा फुली चालत नाही. नावासमोर 1, मग 2, 3 असे आकडे लिहायचे. 1 नसेल किंवा दोन नावांपुढे 1 असेल तर मत बाद. पाच खुल्या जागांसाठी समजा 30,000 वैध मतं पडली, तर त्यांना सहाने भागून एक मिळवायचा, 5,001 हा कोटा झाला, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं. एकच जागा असेल तर दोनाने भागायचं, म्हणजे 15,001. कोटा गाठलेल्याची जास्तीची मतं आणि बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. म्हणून फक्त 1 लिहून मोकळं होण्यापेक्षा पुढचे आकडेही भरावेत असं माझं मत. तुमचा पहिला उमेदवार बाहेर पडला तरी तुमची मतपत्रिका मोजणीत राहते.

उभं राहायचं असेल तर अंतिम यादीत नाव हवंच. सूचक आणि अनुमोदकही त्याच यादीतले. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्राबरोबर वैधता प्रमाणपत्रही हाताशी ठेवा. जात पडताळणी समितीकडून ते निघायला किती वेळ लागतो हे ज्यांनी काढलंय त्यांना विचारा. अर्जावर नाव यादीत छापलंय तसंच, त्याच क्रमाने लिहा, आणि सूचकालाही तेच बजावा.