सुंबुल, हायसिंथ आणि धुळ्यातला फ्रीज

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी हायसिंथ या सुवासिक फुलझाडाचे सहा कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवले तेव्हा आईनं विचारलं, "हाऊ कांदा फ्रीजमा काबरं ठेवा?" प्रश्न अगदी बरोबर होता कारण दिसायला तो कांदाच, वरची साल पण तशीच, जांभळ्या फुलाचा कंद असेल तर साल सुद्धा जांभळट असते. पण या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलं की थेट तुर्कस्तानपर्यंत मागं जावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी एक गोंधळ मिटवते. हायसिंथ म्हटलं की आपल्याकडं लोकांना नदीतली जलपर्णी आठवते, तिला इंग्रजीत वॉटर हायसिंथ म्हणतात ना. तिचा नि याचा काही संबंध नाही, ती दक्षिण अमेरिकेतून आलेली पाण्यावरची वनस्पती, फुलांचा तुरा थोडा सारखा दिसतो म्हणून तिला हे नाव चिकटलं. आपला हा कंद मूळचा तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागातल्या डोंगरांतला. तिथं हिवाळ्यात कडाक्याची थंडी, वसंतात थोडा ओलावा आणि मग कोरडा कडक उन्हाळा. पानं सुकून गेली की कंद मातीत झोपतो आणि त्या उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीचं फूल आतल्या आत तयार करून ठेवतो. म्हणजे आपण दुकानातून कंद आणतो तेव्हा फूल आधीच आत असतं! फक्त दांडा लांब होऊन ते बाहेर यायला आठ-दहा आठवडे सलग थंडी लागते. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

नाव ग्रीकांचं. हायकिंथॉस नावाचा देखणा स्पार्टन तरुण, अपोलो देवाचा लाडका, अपोलोनं फेकलेली थाळी लागून मेला (एका कथेत पश्चिमेच्या वाऱ्यानं मत्सरानं ती वळवली असं आहे) आणि त्याच्या रक्तातून हे फूल उगवलं. पाकळ्यांवर शोकाची अक्षरं उमटली असंही कथा सांगते, पण आजच्या हायसिंथवर तसली काही खूण नसते, म्हणून जुन्या ग्रीकांचं ते फूल दुसरंच काहीतरी असावं असं अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं.

आपल्याला जास्त जवळचं नाव म्हणजे फारसीतलं सुंबुल. इराणमध्ये नवरोजला सात "स" वाल्या वस्तूंचं ताट मांडतात त्यात हे फूल असतं, आणि उर्दू गझलांत प्रेयसीच्या कुरळ्या केसांना सुंबुलची उपमा देतात. एका तुऱ्यावरच्या त्या मागं वळलेल्या पाकळ्या जवळून बघितल्या की उपमा लगेच कळते. खानदेशावर फारुकी सुलतानांचं राज्य होतं, राजधानी बुऱ्हाणपूर, 1601 मध्ये अकबरानं असिरगड घेतला आणि मग मुघल आले, दरबारी भाषा फारसी. म्हणजे फूल इथं उगवलं नसेल तरी कवितेतून त्याचं नाव या मुलुखात शिकलेल्या लोकांच्या कानावर नक्की गेलं असणार असं मला वाटतं.

ओटोमन सुलतानांना या फुलाचं प्रचंड वेड होतं, डोंगरातून हजारोंनी कंद खणून इस्तंबूलच्या बागांत नेत. तिथून सोळाव्या शतकात ते युरोपात पोचलं आणि डच लोकांच्या हातात पडलं. हार्लेम शहराच्या आसपासची वालुकामय जमीन, पाणी झटकन निचरणारी, कंदाला अगदी मानवली. जंगली हायसिंथच्या दांड्यावर मोजकी फुलं, डचांनी निवडत निवडत तुरा गच्च भरवला. 1637 मध्ये ट्यूलिपचा बाजार कोसळला ते बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यानंतर शंभर वर्षांनी, 1730 च्या दशकात, हायसिंथच्या कंदांवर तशीच सट्टेबाजी झाली हे फार कुणी सांगत नाही. त्या वेळी दुहेरी पाकळ्यांच्या जातींना सोन्याचा भाव होता. आज मिळतात त्या जाती त्या मानानं नव्या, पिवळा "सिटी ऑफ हार्लेम" 1893 चा आणि निळा "डेल्फ्ट ब्लू" 1944 चा.

जातीचा कंद वाढवायची पद्धत पण तिथलीच. कंदाचा बूड कोरून काढतात, मग कापलेल्या जागी बारीक बारीक पिल्लं धरतात, आणि ती विकायच्या आकाराची व्हायला तीन-चार वर्षं जातात. किंमत का जास्त ते यातून समजतं. हाताळताना हातमोजे घाला, सालीखाली कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, सुरण चिरताना हाताला खाज सुटते ना, तेच कारण. आणि खायचा तर अजिबात नाही, विषारी आहे, म्हणून घरात लहान मुलं असतील तर कांद्याच्या टोपलीपासून लांब ठेवा.

अठराव्या शतकात युरोपात अरुंद गळ्याच्या काचेच्या भांड्यात, नुसत्या पाण्यावर, घरात हायसिंथ फुलवायची फॅशन आली, फ्रान्सच्या राजदरबारात राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिनं ती गाजवली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी कंदाला गोदामातच ठरावीक तापमान देऊन फूल लवकर आणायचं तंत्र बसवलं. म्हणजे डोंगरातला उन्हाळा आणि हिवाळा माणसानं खोलीत आणला. आपला फ्रीज ही त्याचीच पुढची पायरी आहे, आईला मी हेच सांगितलं.

धुळ्यात थंडी पडत नाही असं नाही, रात्री पारा एक आकडी होतो, पण दुपारी परत 28 च्या आसपास, आणि कंदाला हवी असते सलग थंडी. पहिल्या वर्षी मी कंद थेट कुंडीत लावले तर फूल दांडा न वाढताच पानांच्या बुडाशी उमललं, वास आला पण बघवत नव्हतं. आणि एक खास आपल्या भागाची गोष्ट: ज्या फ्रीजमध्ये कंद आहेत त्यात पिकलेली केळी किंवा सफरचंद ठेवू नका. रावेर-सावद्याकडं केळी पिकवायच्या चेंबरमध्ये जो इथिलीन वायू सोडतात तोच पिकणाऱ्या फळातून निघतो आणि कंदाच्या आतलं तयार फूल मारून टाकतो.

ऑक्टोबरच्या मध्यात फ्रीजमध्ये, नाताळच्या सुमारास बाहेर काढून भुसभुशीत मातीत किंवा काचेच्या भांड्यात, पाणी बुडाला जेमतेम टेकेल एवढंच, आणि आठवडाभर अंधाऱ्या गार कोपऱ्यात. माझ्याकडं सहापैकी चार फुलले, संक्रांतीच्या आठवड्यात, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका दारातच थांबून विचारत होत्या की वास कशाचा येतोय.