'सिन्स' की 'फॉर': एका रिकाम्या जागेची पार्श्वभूमी

तलाठी भरतीच्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. दोनशेपैकी पन्नास गुण इथेच. प्राथमिक उत्तरतालिका लागली की दारव्हा, आर्वी, वरुड, कुठल्याही तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन बघा, गणितापेक्षा प्रिपोझिशनवर, म्हणजे नामाआधी येणाऱ्या 'ॲट', 'ऑन', 'सिन्स'सारख्या शब्दांवर, जास्त भांडणं चाललेली असतात. हरकत घ्यायची तर प्रश्नागणिक पैसे मोजावे लागतात, म्हणून आधी आपसातच कीस पाडला जातो. तासाला 'ॲट', दिवसाला 'ऑन', महिन्या-वर्षाला 'इन' हा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ आहे, तो इथे अख्खा परत मांडत नाही. पोरं अडतात ती तक्त्याबाहेर, 'सिन्स' की 'फॉर' अशा रिकाम्या जागेवर.

मुळात इंग्रजीत हा तक्ता नव्हताच. हजारेक वर्षांपूर्वी दक्षिण इंग्लंडात जी इंग्रजी लिहिली जाई, तिच्यात 'ऑन' हा एकटाच दिवसाला, वर्षाला, उन्हाळ्याला चालून जाई. वर्षं आणि ऋतू 'इन'कडे पुढच्या शतकांत गेले, दिवस 'ऑन'कडे राहिले. ही वाटणी कोणी बसून केलेली नाही, त्यामुळे तिचे तुकडे भाषेत जागोजागी पडून आहेत. 'ट्वाइस अ डे' यातला 'अ' हा आर्टिकल दिसत असला तरी मूळचा झिजलेला 'ऑन' आहे. 'नाउअडेज'च्या पोटातही तोच. 'टुडे', 'टुनाइट', 'टुमॉरो' यांना 'टू' आधीच चिकटून बसलाय, म्हणून त्यांच्यापुढे दुसरं काही लागत नाही. आपल्याकडे 'ऑन टुमॉरो' ऐकू येतं ते त्यामुळे कानाला खटकतं.

'ॲट' तासाला चिकटला तो घंटेच्या काळात. 'क्लॉक' हा शब्दच घंटेवरून आलेला, आणि आपणही पाच 'वाजले' म्हणतो, तेव्हा या बाबतीत दोन्ही भाषा एकाच देवळाच्या. मिनिटांचा हिशोब मात्र रेल्वेनं आणला. इंग्लंडात एका रेल्वे कंपनीनं १८४० मध्ये सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. आपल्याकडे मुंबईहून निघालेली लाइन वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती मुख्यतः कापसासाठी. देशाची एक प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबई शहर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून बसलं होतं. मृगात पेरणी आणि पोळ्याला बैल सजवणं एवढ्यावर ज्यांचा काळ भागत होता, त्यांच्यापुढे 'ॲट पाच चाळीस' असा टोकदार क्षण पहिल्यांदा टाइमटेबलवर आला. 'ॲट म्हणजे बिंदू' हे वर्गात आज इतकं सहज पटतं, त्यात मला गाडीच्या वेळापत्रकाचा मोठा वाटा दिसतो.

वर्गातली गोष्ट अलीकडची आहे आणि तीच जास्त महत्त्वाची. जुनी पिढी इंग्रजी भाषांतरानं शिकली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि 'पासून'समोर छापलेलं 'सिन्स'. त्यानंतर वाक्याचे साचे घोकून घेण्याची पद्धत आली. तिच्यात चूक कमी व्हायची, पण साच्याबाहेर पोरगं मुकं. मग बोलण्यावर भर देणारी पुस्तकं आली आणि व्याकरण मागच्या बाकावर गेलं. २००० साली मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. त्या निर्णयावर तेव्हा भरपूर शाई सांडली. खेड्यात अडचण साधी होती. पहिलीला इंग्रजी शिकवायला जे गुरुजी-मॅडम उभे राहिले, त्यांतले बहुतेक स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी शिकलेले, आणि तेही त्याच 'पासून म्हणजे सिन्स'वर. गाणी, कविता त्यांनी मन लावून घेतल्या. काळाची वाक्यं आली की मात्र भाषांतराचं जुनं बाळकडू वर यायचं. पुढे सेमी इंग्रजी आली, दहावीला प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, आणि प्रिपोझिशन नीट बसवून घेण्याचं काम शाळेतून उठून तालुक्याच्या क्लासात गेलं. क्लासवाल्याला तक्ता हवाच असतो, कारण तक्ता एका तासात संपतो.

आता तो 'सिन्स'. 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'दोन दिवसांपासून ताप आहे', मराठीत दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजी पहिल्याला 'सिन्स' देते, दुसऱ्याला 'फॉर'. क्लासात कारण सांगतात की पहिला बिंदू, दुसरी लांबी. बरोबर आहे, पण हे कारण अर्धंच आहे. 'सिन्स' हा जुन्या इंग्रजीतल्या एका जोडशब्दाची झीज होऊन बनलाय, आणि त्या जोडशब्दाचा अर्थ होता 'त्यानंतर'. 'त्यानंतर' म्हणायचं तर आधी 'ते' काहीतरी हवं, म्हणजे सोमवार, पोळा, २०१९ साल, बहिणीचं लग्न. 'दोन दिवस' हे असं घडून गेलेलं काही नाही, ते नुसतं माप आहे. मापाच्या 'नंतर' म्हणजे कुठून? इंग्रजी कानाला 'सिन्स टू डेज' तिथे अडखळतं.

यावरून मराठीला नावं ठेवायचं कारण नाही. जर्मन भाषेत आपल्या 'पासून'सारखाच एक शब्द दोन्हीकडे चालतो, फ्रेंचमध्येही तसंच. शिवाय त्या दोन्ही भाषा आपल्यासारखाच साधा वर्तमानकाळ वापरतात. 'तो २०१५ पासून इथे काम करतो' हे वाक्य जर्मन माणसाला नवं वाटणार नाही. 'हॅज बीन वर्किंग' असा लांबलचक काळ मागणारी इंग्रजीच इथे वेगळी पडते. आपली पोरं 'ही इज वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' लिहितात तेव्हा एका वाक्यात दोन चुका होतात, आणि दोन्हींचं मूळ एका सरळ, निर्दोष मराठी वाक्यात असतं.

भारतीय इंग्रजीनं तर हे कधीच आपलंसं केलंय. अनुभव प्रमाणपत्र घ्या, रजेचा अर्ज घ्या, इंग्रजीतला रहिवासाचा कागद घ्या, 'सिन्स लास्ट फिफ्टीन इयर्स' ठसठशीत टाइप केलेलं आणि खाली सही-शिक्का. वर्तमानपत्रांत 'सिन्स लाँग' रोज छापून येतं. म्हणजे ज्या खुर्चीसाठी परीक्षा द्यायची, त्या खुर्चीसमोरच्या फायलीत जे चालतं, तेच पेपरात लिहिलं की दोन गुण जातात. पोरं चिडतात ती इथे. एका बाजूचं म्हणणं, देशभर लोक जे बोलतात-लिहितात ते चूक कसं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, परीक्षा प्रमाण इंग्रजीची आहे आणि प्रमाण काय ते कोशात आहे.

माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, पण फक्त या एका प्रश्नापुरतं. 'सिन्स टू इयर्स' कोणत्याच प्रमाण कोशात नाही, त्यावर हरकतीचे पैसे घालवू नयेत. मात्र 'ॲट द वीकेंड' ब्रिटिश आणि 'ऑन द वीकेंड' अमेरिकन, दोन्ही शुद्ध. ही दोन्ही एकाच प्रश्नाच्या पर्यायांत ठेवून एकाला चूक ठरवलं तर तो अन्याय आहे. 'ॲट नाइट' आणि 'इन द नाइट' यांचंही तसंच. रोज रात्री होणारं पहिल्यात जातं, अमुक एका रात्री मधेच झालेलं दुसऱ्यात, आणि पेपरातलं वाक्य बरेचदा इतकं तोकडं असतं की यातलं कुठलं ते कळायला मार्गच नसतो. सणांचंही असंच अर्धवट शिकवलं जातं. चार-पाच दिवसांच्या सणाला ब्रिटिश माणूस 'ॲट' लावतो, त्यातल्या नेमक्या दिवसाला 'ऑन'. तेव्हा दिवाळीला दोन्ही लागू शकतात, पोळ्याला 'ऑन' बरा.

'बाय' आणि 'टिल'चा घोळ याच जातीचा आहे, कारण मराठीत दोन्हींना 'पर्यंत'. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा तिथे 'बाय', दुकान शुक्रवारपर्यंत बंद तिथे 'टिल'. एकदाच होऊन संपणारं काम असेल तर पहिला, चालू राहणारी स्थिती असेल तर दुसरा. यावर वाद फारसे होत नाहीत, गुण मात्र जातात.

तक्त्याची खरी फजिती होते ती या वाक्यावर: 'इट इज टू इयर्स ... ही लेफ्ट द व्हिलेज'. 'टू इयर्स' दिसलं की पाठांतरवाला डोळे झाकून 'फॉर' भरतो. उत्तर 'सिन्स' आहे. रिकाम्या जागेनंतर येतं ते 'तो गाव सोडून गेला', म्हणजे घडून गेलेली गोष्ट. 'तो गेला त्यानंतर दोन वर्षं झाली', असा जुना अर्थ इथे जसाच्या तसा बसतो. माप रिकाम्या जागेच्या आधी आहे की नंतर, एवढं पाहिलं तरी भागतं.

रिकाम्या जागेऐवजी चूक ओळखायचा प्रश्न आला तर पंचाईत वाढते. वाक्याचे चार तुकडे करून कुठल्या तुकड्यात चूक आहे असं विचारतात. 'आय ॲम लिव्हिंग । इन धिस व्हिलेज । सिन्स २०१० । विथ माय पेरेंट्स' यात 'सिन्स'वर बोट ठेवणारा फसतो. २०१० हा बिंदू आहे, 'सिन्स' जागच्या जागी बरोबर आहे. चूक पहिल्या तुकड्यात आहे, तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवं होतं.